मामांच्या डॉसवर झिप उघडत नाही, मेमरी पुरत नाही म्हणतो

पडद्यामागे

मंडळी, प्रश्न जुनाट आहे, पण अडले आहे खरी.

माझे मामा गोव्यात डिचोलीला असतात, वय ७८. गावच्या उत्सवात दरवर्षी संगीत नाटक होतं. त्याची वही आणि सगळ्या पात्रांच्या नकला (प्रत्येकाच्या वाट्याचे संवाद) मामा १९९३ पासून एकाच कॉम्प्युटरवर टंकतात. २८६ प्रोसेसर, १ एमबी मेमरी, आत मराठी अक्षरांचं कार्ड, वर डॉस ही जुनी ऑपरेटिंग सिस्टीम. दुसऱ्या यंत्राला हात लावत नाहीत. मी दिलेल्या लॅपटॉपवर सध्या पंचांग ठेवलेलं असतं. म्हणजे लॅपटॉप खाली, वर छापील पंचांग.

गेल्या पावसात हार्डडिस्क गेली. बेळगावचा एक मेकॅनिक आला, दुसरी ४० एमबीची बसवली, डॉस ५, मराठीचा प्रोग्रॅम, केबलवरून फायली घेणारं कर्मिट आणि झिप उघडणारं पीकेअनझिप टाकून गेला. मजकूर मात्र जुन्या डिस्कवरून वाचता आला नाही. तो मी २००४ साली सीडीवर काढून ठेवला होता म्हणून निभावलं: १८ एमबी, त्यात नाटकं, नकला, कीर्तनं, लग्नपत्रिका, पंचायतीला लिहिलेले अर्ज. फ्लॉपी ड्राईव्ह बुरशीनं कधीच गेलेला. उरली सीरियल केबल. झिप केली तर ५ एमबी होते, ती कर्मिटनं पाठवली. पोचली.

आता पीकेअनझिप चालवलं की मेमरी पुरत नाही म्हणतो आणि थांबतो. आमच्या ऑफिसातला आयटीवाला म्हणतो, ५ एमबीची फाईल १ एमबीच्या यंत्रात उघडणारच कशी? पटण्यासारखं वाटतं. तर एकशेवीस छोट्या झिप कराव्यात का? चवथ झाली की तालमी सुरू होतात.

तिरफळ

लॅपटॉपवर उघडा आणि उघडलेल्या फायली पाठवा. झालं की.

पडद्यामागे

@तिरफळ, ९६०० बॉडवर सेकंदाला ९६० अक्षरं जातात. १८ एमबीला साडेपाच तास. डिचोलीत जुलै महिन्यात सलग साडेपाच तास वीज? ५ एमबी दीड तासात गेली, तीही तिसऱ्या खेपेला.

तिरफळ

मग मेकॅनिकलाच बोलवा परत.

पडद्यामागे

तो फोन उचलत नाही. आणि मामा डबा पुन्हा उघडू देत नाहीत. "एकदा पोट फाडलं तें पुरे."

घुमटवादक

हसून हसून पुरेवाट! मामांना दंडवत.

सोळाबिट

ताई, आधी आयटीवाल्याचं म्हणणं बाजूला ठेवा. ५ एमबी असो की ५०, झिप उघडायला लागणारी मेमरी फाईलच्या आकारावर ठरत नाही. बांधणाऱ्यानं मागे किती लांबवर बघायची मुभा घेतली आहे, त्यावर ठरते.

तुमच्या मामांच्याच भाषेत सांगतो. नाटकाच्या वहीत पालुपद दर वेळी पूर्ण लिहीत नाहीत, "वरीलप्रमाणे" लिहितात. झिपच्या आतली डिफ्लेट पद्धत हेच करते: "इतकी अक्षरं मागे जा, तिथून इतकी उचल." लेम्पेल आणि झिव यांनी १९७७ साली मांडलेली कल्पना. उघडणाऱ्याला अख्खी वही हाताशी ठेवावी लागत नाही, "वरीलप्रमाणे" जास्तीत जास्त जितकं मागे नेऊ शकतं तितकीच पानं उघडी ठेवावी लागतात. डिफ्लेटमध्ये हा करार ३२ केबीचा आहे. मामांचा मजकूर इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतात असणार, म्हणजे एका अक्षराला एक बाईट, पानाला दोन हजार अक्षरं धरली तर मागची सोळा पानं. सतराव्या पानाकडे बोट दाखवायचं नाही. त्याआधीचं डिस्कवर लिहून टाकायचं आणि विसरायचं.

एका वेळी "वरीलप्रमाणे"ची लांबी ३ ते २५८ अक्षरं. बाकी खर्च हफमनच्या (नेहमी येणाऱ्या चिन्हांना आखूड खुणा देणाऱ्या) कोष्टकांचा आणि वाचायच्या-लिहायच्या बफरचा. नीट लिहिलेला प्रोग्रॅम ५० केबीच्या आत हे काम करतो. डॉसवर प्रोग्रॅमना मिळतात ते ६४० केबी तुमच्याकडे आहेत. मग ५९० गेले कुठे?

कोकमआगळ

'वरीलप्रमाणे' आवडलं. वाणसामानाच्या वहीत आमचे आजोबा खाली खाली ॥ काढायचे, तेही तेच.

बाराखडी

१९९३ च्या यंत्राला ईएमएम३८६ हा मेमरीचा ड्रायव्हर लावा, डॉस वर ढकला, ड्रायव्हर वर ढकला. मेमरीच मेमरी.

सोळाबिट

@बाराखडी, नावातच ३८६ आहे हो. २८६ वर चालत नाही. त्यांना हायमेम.सिस चालेल, आणि डॉस ५ आहे म्हणून डॉस=हाय म्हणता येईल. डॉसचा बराचसा भाग १ एमबीच्या वरच्या ६४ केबीत जाऊन बसतो आणि खाली चाळीसेक केबी मोकळे होतात. बाकीचे ड्रायव्हर खालीच राहणार.

ताई, मेम /सी (मेमरीचा हिशेब दाखवणारी आज्ञा) चालवून काय दिसतं ते इथे टाका. शेवटून दुसरी-तिसरी ओळ, सर्वात मोठा प्रोग्रॅम किती मावेल ती.

बाराखडी

चूक मान्य. कान पकडले.

रातांबा

अवांतर होईल, पण राहवत नाही. फर्मागुडीला इंजिनिअरिंगला असताना, ९६ साली असेल, मी डिफ्लेट उघडणारा प्रोग्रॅम स्वतः लिहिला होता, टर्बो पास्कलमध्ये, मधला गाभा असेंब्लीत. डिफ्लेटचं अधिकृत वर्णन त्याच वर्षी आरएफसी क्र. १९५१ या जाहीर दस्तऐवजात आलं, त्याचं प्रिंटआऊट वसतिगृहात उशाशी.

३२ केबीची खिडकी (म्हणजे ती मागची सोळा पानं) गोल फिरवायची: शेवटाला पोचलं की परत पहिल्या घरात. १६ बिटांच्या यंत्रावर हे सुखाचं काम, कारण ३२ केबी एका सेगमेंटात (६४ केबीच्या कप्प्यात) मावते आणि वरचा एक बिट पुसला की निर्देशांक आपोआप शून्यावर येतो.

पहिल्यांदा चालवलं आणि मजकूर जवळपास सगळा बरोबर आला. संवाद ठीक, गाणी ठीक. फक्त जिथे जिथे आडवी रेघ होती, म्हणजे ओळीने साठ डॅश, तिथे पहिल्या दोन डॅशनंतर भलतीच अक्षरं. तीही अनोळखी नव्हेत, आधीच्याच मजकुरातली. दोन रात्री गेल्या.

कारण सांगतो. साठ डॅश बांधताना तो लिहितो: एक डॅश, मग "१ अक्षर मागे जा, ५९ उचल". म्हणजे उचलायचं आहे ते अजून लिहिलंच गेलेलं नाही. एकेक अक्षर पुढे सरकत नकललं तर आत्ता लिहिलेला डॅशच पुढच्या पावलाला उचलला जातो आणि रेघ पूर्ण होते. मी वेगासाठी दोन-दोन अक्षरं एकदम उचलत होतो. उचललेल्या जोडीतला पहिला डॅश बरोबर, दुसरं अक्षर खिडकीच्या त्या घरात ३२ केबी आधी पडून राहिलेलं शिळं.

गंमत म्हणजे "धडधडधडधड" बरोबर येत होतं. इस्कीत "धड" म्हणजे दोन बाईट. आधी "धड" सुटं लिहायचं, मग "२ मागे जा, ६ उचल". दोन मागे, दोन-दोन उचल, जमून गेलं. म्हणून चूक सापडायला दोन रात्री लागल्या.

घुमटवादक

घुमटावर हेच असतं. पहिला बोल हातात बसला की तोच पुढचा ओढून आणतो. एकदम दोन बोल उचलायला गेलं की पडलाच.

सोळाबिट

@रातांबा, त्या खड्ड्यात आपण सगळे पडलो आहोत. युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये तुमचं "धड" सहा बाईटांचं झालं असतं, म्हणजे "६ मागे जा, १८ उचल". मामांचा इस्की मजकूर या बाबतीत काटकसरी.

पडद्यामागे

मेम /सी चा आकडा आणला. फोनवर मामांकडून वाचून घेतला, त्यामुळे वीस मिनिटं लागली ("हें इंग्लिश किदें बरयलां?"). सर्वात मोठा प्रोग्रॅम: ३१ केबी.

रातांबांचा किस्सा वाचून मामांना सांगितला. म्हणाले, रेघ हातानं मारावी.

सोळाबिट

३१?? कार्डाचा ड्रायव्हर कितीही खादाड असला तरी इतकं खाणार नाही. यादीत वर काय काय आहे?

फ्लॉपीवाला

मी एक विचारू का? आज्ञा कुठून देताय? मशीन सुरू झालं की मराठीचा प्रोग्रॅम आपोआप उघडतो काय? आणि मग डॉसमध्ये जायला मामा एखादी एफ-की दाबतात?

पडद्यामागे

हो! एफ९. मेन्यूत "डॉस" असं लिहिलेलं आहे. परत यायला एक्झिट टंकायचं.

फ्लॉपीवाला

मग चोर सापडला.

डॉस एका वेळी एकच काम करतो, पण म्हणून आधीचं काम आवरून ठेवत नाही. मराठीचा प्रोग्रॅम एफ९ दाबल्यावर बंद होत नाही, मेमरीत आहे तिथेच मांडी घालून बसतो आणि आपल्या डोक्यावर कमांड.कॉमची (आज्ञा घेणाऱ्या प्रोग्रॅमची) दुसरी प्रत उभी करतो. तुम्हाला सी: दिसतं, वाटतं अंगण मोकळं आहे. प्रत्यक्षात खाली अख्खा वर्ड प्रोसेसर, त्याचे फॉन्ट, मामांनी उघडी ठेवलेली नक्कल, सगळं तसंच. ३१ केबी म्हणजे ओसरीच्या कडेची जागा, तिथे पीकेअनझिप बसणार कसं?

काही प्रोग्रॅम शहाणे असायचे. नॉर्टन कमांडर दुसरं काही चालवताना स्वतःचा मोठा भाग मेमरीतून काढून लहानसा तुकडा मागे ठेवायचा. काही स्वतःला डिस्कवर उतरवून ठेवायचे. सगळेच असे नव्हते.

मामांना सांगा, प्रोग्रॅम नीट बंद करा, एफ९ नव्हे. मग मेम.

आम्ही ९० च्या दशकात खाणींच्या वजनकाट्यांची सॉफ्टवेअरं बसवत फिरायचो, डिचोली, साखळी, उसगाव. दर दुसऱ्या काट्यावर हीच तक्रार: "मेमरी वाढवून द्या." ऑपरेटर एफ-की दाबून डॉसमध्ये जायचा, तिथून परत तोच प्रोग्रॅम सुरू करायचा, त्यातून परत डॉस. एकदा चार थर मोजले होते मी. बाहेर खनिजाच्या ट्रकांची रांग, आत एकावर एक चार वजनकाटे.

तिरफळ

चार वजनकाटे!! हे छापा कुणीतरी.

कोकमआगळ

खाणी, काटा, रांग. ती लाल धूळ कीबोर्डात जायची ती आठवली. आमचे बाबा उसगावला होते. स्पेसबार दाबला की करकर वाजायचा.

फ्लॉपीवाला

@कोकमआगळ, कीबोर्डाचं काय सांगता, फ्लॉपी ड्राईव्ह उघडला की आत कावेसारखी लाली. पावसात तीच धूळ ओली होऊन हेडवर बसायची. बॅकअप पंधरा फ्लॉप्यांवर पसरलेला, आणि झिपची यादी शेवटच्या फ्लॉपीवर. म्हणजे पीकेअनझिप आधी पंधरावी मागायचं, मग पहिली. नववी वाचली नाही की ऑपरेटर आमच्याकडे असं बघायचा जणू ती आम्हीच ओली केली.

बाराखडी

यादी शेवटी का ठेवतात? पुस्तकात अनुक्रमणिका पहिल्या पानावर असते.

सोळाबिट

कारण लिहिताना पुढे काय येणार ते माहीत नसतं. बांधत जायचं, आणि शेवटी कुठे काय पडलं ते लिहायचं. फायदा असा की झिपमध्ये नवी फाईल घालायची तर फक्त शेपटी बदलते.

कमी मेमरीत मात्र ही यादी अख्खी वाचून ठेवणं नडू शकतं, फायली हजारोंनी असतील तर. पण प्रत्येक फाईलच्या आधीही एक छोटा मथळा असतो, पीके या दोन अक्षरांनी सुरू होणारा (फिल कॅट्झची आद्याक्षरं). त्याच्या आधारानं सुरुवातीपासून एकेक उघडत गेलं तर यादीची गरजच नाही. अडचण एकच: काही प्रोग्रॅम त्या मथळ्यात आकाराच्या जागी शून्य लिहितात आणि खरा आकार फाईलनंतर देतात. डिफ्लेट आपला शेवट स्वतः सांगतो म्हणून तिथेही निभावतं.

तिरकस

एवढ्या उठाठेवीपेक्षा मामांना लॅपटॉपवर बसवायला एक आठवडा लागला असता. जुन्या यंत्राचं कौतुक किती करायचं? इस्कीतून युनिकोडमध्ये फिरवा, फोनवर नकला पाठवा. पात्रं तालमीला फोन घेऊनच येतात.

पडद्यामागे

@तिरकस, दोन वर्षं प्रयत्न करून झाला. मामांची बोटं त्या कीबोर्डावर न बघता चालतात आणि डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून दुसरा स्क्रीन टोचतो म्हणतात. नकला फोनवर पाठवते मी, पण सुधारणा तेच करतात, आणि त्या त्या यंत्रावरच होतात. पद जोडायचं, संवाद गाळायचा, यंदा नायिकेला गाता येत नाही म्हणून एक पद सखीला द्यायचं. ते माझं काम नव्हे.

रातांबा

@तिरकस, युनिकोडचा देवनागरी विभाग मुळात १९८८ च्या इस्कीवरूनच घेतला आहे, त्यामुळे फिरवणं तसं सोपं. पण जुन्या वर्ड प्रोसेसरच्या फाईलीत ठळक, मध्यभागी, पान संपलं अशी त्याची स्वतःची चिन्हं मध्ये मध्ये पेरलेली असतात, ती आधी ओळखावी लागतात. मुद्दा तुमचा चुकीचा नाही, पण हा वेगळा धागा.

तिरकस

ठीक. मामा मोठे, मी लहान.

पडद्यामागे

बातमी! मामांनी प्रोग्रॅम बंद केला. मेम म्हणतो ५०२ केबी!! ३१ चे ५०२. फ्लॉपीवाला, देव बरें करूं.

पण झिप अजून उघडत नाही. आता म्हणतो, ही दाबण्याची पद्धत मला माहीत नाही. सगळ्याच फायलींना.

सोळाबिट

लॅपटॉपवर कशानं बांधली? आणि कुठली सेटिंगं?

पडद्यामागे

सेव्हन-झिपनं. प्रकार झिपच ठेवला, पण केबलवरून लवकर जावं म्हणून पातळी अल्ट्रा आणि पद्धत जिथे एलझेडएमए दिसलं ते निवडलं. चूक झाली का?

सोळाबिट

झाली, पण सगळ्यांची होते. झिप ही पेटी आहे, आत कुठल्या पद्धतीनं दाबलं आहे ते वेगळं. पीकेअनझिप २.०४जी आलं १९९३ साली, त्याला डिफ्लेट आणि त्याआधीच्या जुन्या पद्धती ठाऊक. एलझेडएमए नंतरचं. डिफ्लेट६४ असं एक नाव यादीत दिसेल, तेही निवडू नका, त्याची खिडकी ६४ केबीची आणि तेही त्याला कळत नाही. साधं "डिफ्लेट" निवडा. पासवर्ड नको. फायलींची नावं आठ अक्षरं, ठिपका, तीन अक्षरं, आणि ती रोमनच.

बाराखडी

पण एलझेडएमए डॉसवर उघडणं मेमरीमुळे अशक्यच ना? अल्ट्रा म्हणजे शब्दकोश (मागे बघायची खिडकी) ६४ एमबी.

सोळाबिट

शब्दकोश ६४ एमबीचा ठेवला तर अशक्य. ६४ केबीचा ठेवून बांधलं तर तत्त्वतः शक्य. एलझेडएमए उघडायला लागतं ते शब्दकोश अधिक संभाव्यतांचं कोष्टक, आणि नेहमीच्या सेटिंगला ते कोष्टक फक्त १६ केबी. बांधतानाचा आकडा हीच किल्ली.

सगळ्या पद्धती अशा उदार नाहीत. बीझिप२ मागे बघत नाही, तो मजकुराचा अख्खा गठ्ठा उलटापालटा करतो, म्हणून उघडताना तो गठ्ठा सबंध मेमरीत हवा. ९०० केबीच्या गठ्ठ्याला सुमारे ३७०० केबी, काटकसरीच्या पर्यायानंही २३५०. सर्वात लहान, १०० केबीच्या गठ्ठ्याला काटकसरीत ३५० केबी. म्हणजे मामांच्या ५०२ मध्ये जेमतेम बसेल, पण ६४ केबीच्या सेगमेंटांतून इकडेतिकडे उड्या मारत. मी नाही लिहिणार तो प्रोग्रॅम. आणि पीपीएमडी तर बांधायला जितकी मेमरी तितकीच उघडायलाही घेतो, तिथे घासाघीस नाहीच.

रातांबा

+१. जपानी एलएचए आठवतं का कुणाला? त्याच्या एलएच५ पद्धतीची खिडकी ८ केबी, त्याआधीच्या एलएच१ ची ४ केबी. ज्यानं बांधलं त्याला उघडणाऱ्याच्या गरिबीची कल्पना होती.

आणि डिफ्लेट ५० केबीत म्हणता, त्याहून खाली जाता येतं. हफमनची मोठी कोष्टकं वेगासाठी असतात. प्रत्येक लांबीची किती चिन्हं आहेत एवढंच मोजून ठेवलं आणि एकेक बिट वाचत गेलं तर दोन्ही कोष्टकं मिळून ७०० बाईटांत बसतात. सीआरसीचं (फाईल बरोबर उघडली का ते पडताळणाऱ्या आकड्याचं) कोष्टक नेहमी १ केबीचं करतात, अर्ध्या बाईटानं चाललं तर ६४ बाईटांत होतं. मी ३४ केबीपर्यंत आणला होता सगळा डेटा. त्यातली ३२ केबी खिडकीच. म्हणजे ताईंचे ते ३१ तीन केबींनी चुकले!

फ्लॉपीवाला

खिडकीही मेमरीत ठेवू नका मग. लिहिलेली फाईल डिस्कवर आहेच, मागचं हवं तर तिथूनच वाचा.

रातांबा

केलं होतं. प्रत्येक "वरीलप्रमाणे"ला डिस्क मागे-पुढे. एक फाईल उघडेपर्यंत मेसमध्ये जेवून आलो, तरी खडखड चालूच. नंतर व्हीजीए कार्डावरचे ६४ केबी वापरले. अक्षरांच्या मोडमध्ये ए००० चा पट्टा रिकामा असतो, तिथे खिडकी ठेवली. चाललं. मग एका मित्रानं मध्येच गेम सुरू करून बघितला...

घुमटवादक

मग?

रातांबा

मग काय, एका वेळी एकच काम करणारं यंत्र. गेम सुरू करायला माझा प्रोग्रॅम आधी मारावाच लागला. तो दोष मी आजही मित्रालाच देतो.

तिरफळ

ताई, झालं का? सगळे गप्पा मारताहेत, मामा तिकडे वाट बघत असतील.

पडद्यामागे

झालं!!

साध्या डिफ्लेटनं बांधली, ५ एमबीची ५.४ झाली, कर्मिटनं रात्री पाठवली. पीकेअनझिप सुरू केलं, एकामागून एक नावं वर सरकत गेली. मामा खुर्ची ओढून बसले होते, प्रत्येक नावाला "हें ९७ चें", "ह्यात विंगेत पाऊस गळला होता" असं चाललेलं. एका फाईलीला मात्र सीआरसी चुकली म्हणाला. केबल हलली असणार म्हणून तेवढीच परत पाठवणार होते.

सोळाबिट

अभिनंदन! पण केबल नव्हे. कर्मिट प्रत्येक पुडी तपासून घेतो, बिघडली तर परत मागतो. लॅपटॉपवर तीच झिप तपासा.

पडद्यामागे

बरोबर निघालात. झिप लॅपटॉपवर ठणठणीत आहे, हीच फाईल तिथे नीट उघडते. मग?

फ्लॉपीवाला

जुनी हार्डडिस्क, खराब सेक्टर. मशीनवर ती झिप जिथे लिहिली गेली तिथे एक ठिपका मेलेला असेल. त्या झिपचं नाव बदलून तिथेच राहू द्या, पुसू नका, म्हणजे तो सेक्टर अडकून राहील. तेवढी एक फाईल वेगळी झिप करून पाठवा. ४० एमबीत १८ आणि ५.४, जागा आहे.

कोकमआगळ

खड्ड्यावर दगड ठेवून रस्ता वापरायचा. आमच्या वाड्यावर तेच चालतं.

पडद्यामागे

केलं, आली फाईल. ११९ च्या ११९.

आता मामांची तक्रार: सात नाटकांवर तारीख १ जानेवारी १९८० आहे. "तेव्हा हें मशीन तरी होतें काय?" मी काही बिघडवलं का?

सोळाबिट

नाही हो. डॉसची दिनदर्शिकाच १९८० पासून सुरू होते, आणि झिपनं तीच उचलली आहे. मशीनच्या आतली बॅटरी संपली की घड्याळ तिथे जाऊन बसतं. बॅटरी मेल्यापासून बदलेपर्यंत टंकलेली ती सात असणार. झिपनं तारीख होती तशी जपली.

पडद्यामागे

मामांना वाचून दाखवलं. म्हणाले बरोबर, बॅटरी कित्येक वर्षं बदलली नव्हती. मग सातही उघडून वाचली आणि प्रत्येकाचं साल सांगितलं, कुणी काय भूमिका केली त्यावरून. वहीत लिहून ठेवते आहे.

एकच राहिलं. छापायला २४ पिनचा डॉट मॅट्रिक्स आहे, रिबन फिकट झाली आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कुणाकडे मिळते का, की पणजीतच विचारावं?

फ्लॉपीवाला

मॉडेल नंबर टाका. माझ्याकडे दोन पडून आहेत, सीलबंद, पण पंधरा पावसाळे पाहिलेल्या. चालतील की नाही ते लावल्यावरच कळेल.